काळ्या गाडीचं घासकाम

४ एप्रिल

पोचलो एकदाचा! सामान म्हणजे दोन पिशव्या, बफिंगचं मशीन आणि ही वही. वही ताईची देणगी. निघताना हातात कोंबली आणि म्हणाली, राग आला की माणसांवर काढू नकोस, यात काढ. मोठ्या बहिणीपुढे कुणाचं चाललंय? म्हणून लिहितोय.

जागा झकास आहे. पुढे गाड्या रंगवायचं वर्कशॉप, मागे फरशीचं अंगण आणि अंगणापलीकडे दोन खोल्या. त्या माझ्या! ओटा, मोरी, नळाला धो धो पाणी. ठकीचा पलंग खिडकीपाशी लावायचा, हे आत शिरल्याशिरल्या ठरवून टाकलं. ठकी म्हणजे माझी लेक, वय सात आणि जीभ सत्तर वर्षांची. तिची आई गेल्यापासून ताईकडेच आहे. ताई जीव लावते, पण भावोजींच्या कपाळावरच्या आठ्या आता मला फोनवरूनही कळतात. शाळा उघडायच्या आत माझं बस्तान बसलं तर पोरगी माझ्याकडे, नाहीतर तिला वसतिगृहात टाकायचं त्यांनी ठरवलंय. तेव्हा या खेपेला तोंड सांभाळायचं आणि नोकरी टिकवायची.

मालकीणबाई उंच आणि कोरड्या. बसा म्हणाल्या नाहीत, पाणी विचारलं नाही. हात सदा पाठीशी बांधलेले, मी नमस्कार केला तरी ते सुटले नाहीत. पोरीला आणलं तर चालेल ना, असं भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, अवश्य आणा. म्हणजे बाई फणसासारखी असावी. चला, झोपतो आता.

६ एप्रिल

माझ्याकडे एकच गाडी. लांबलचक, काळीकुळकुळीत, साहेबांची. साहेब कुठे असतात असं विचारलं, तर सगळ्यांना एकदम काम आठवलं.

‘सगळे’ म्हणजे दोघंच. एक खोकलेकाका, रंगारी. नाव विचारलं तर नुसतेच खोकले, म्हणून हे नाव मीच ठेवलं. मास्क आणि हातमोजे कधी काढत नाहीत, जेवतात कसे देव जाणे. दुसरा ठोक्या, चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा. रेड्यासारखा माणूस. पहिल्याच भेटीत मला म्हणाला, पिशव्या सोडल्या नसशील तर सोडूच नकोस, उलट्या पावली जा. मी विचारलं, कारखाना तुझ्या बापाचा का? झालं, ओळख झाली.

आमच्या धंद्यात मान रंगाऱ्याला आणि मरण घासणाऱ्याला. रंग मारला की वर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा राहतो. तो काढायचा आम्ही. पंधराशे नंबरचा पाणीपेपर, मग दोन हजार, मग तीन, शेवटी पाच हजार. पाच हजारचा पेपर गालावर फिरवला तरी कळत नाही. हात सरळ रेषेत चालवायचा, गोल नाही. घासताना दुधासारखं पांढरं पाणी उतरतं, तो वरचा पारदर्शक थर. पाणी काळं उतरलं की समजायचं, थर फुटून खालच्या रंगाला लागलास, आता गाशा गुंडाळ. माझ्या हातून उभ्या जन्मात काळं पाणी उतरलेलं नाही.

आज डावा दरवाजा झाला. मालकीणबाई दिवा घेऊन आल्या, वाकून वाकून पाहिलं, पण पत्र्याला बोट लावलं नाही. उद्या पुन्हा घासा म्हणाल्या. मी नुसतं बरं म्हणालो. ताई, ऐकतेस ना?

९ एप्रिल

तळपायाची आग मस्तकात गेलीय! आज माझ्या बादलीत कुणीतरी खर टाकली. जाड, काळी, वाळूसारखी, पत्र्याचा गंज उडवायला वापरतात ती. एक कण पेपरखाली आला तरी दिवसाचं काम मातीत जातं, इथे मूठभर होती. बॉनेटवर वीतभर लांबीचे चार ओरखडे पडले.

ही खर फक्त ठोक्याकडे असते. सरळ जाऊन कॉलर धरली. त्याने नाकारलंही नाही. म्हणाला, आता बाई तुला हाकलेल, जा सुखाने. माझ्या पोरीच्या घरावर उठलाय मेला! दुपारी जेवलो नाही. पंधराशेपासून पुन्हा सुरुवात करून ओरखडे काढले, काढले म्हणजे नावालाही ठेवले नाहीत. मालकीणबाईंना काही कळलं नाही. ठोक्या लांबून बघत होता, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून. बादलीला आता झाकण लावलंय आणि झाकणावर मी बसतो.

१० एप्रिल

डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत चार लाल रेघा उठल्यात. कधी खरचटलं, आठवत नाही.

१३ एप्रिल

फोन अंगठ्याने उघडेना. त्यात नवल नाही, घासणाऱ्याच्या बोटांचे ठसे झिजतातच. आकडे दाबून उघडला. ठकीशी बोललो. तिने विचारलं, पलंगाखाली जागा आहे का, तिला तिथे दुकान मांडायचंय. गिऱ्हाईक कोण, तर मी. उधारी मिळणार नाही, हेही सांगून टाकलं. आत्याला कळू न देता बॅगही भरून ठेवलीय म्हणे. फोन ठेवल्यावर बराच वेळ एकटाच हसत होतो.

कामात मात्र काहीतरी घोटाळा आहे. रंगाची जाडी मोजायचं माझं एक मीटर आहे, काडेपेटीएवढं. रोज घासतोय म्हणजे थर पातळ व्हायला हवा. सुरुवातीला दरवाज्यावर एकशे दहा दाखवत होतं, आज एकशे तीस दाखवलं. सेल बदलले, पुन्हा एकशे तीस. म्हटलं रात्रीतून कुणी नवा हात मारतंय की काय. खोकलेकाकांना विचारलं, तर त्यांनी मान हलवली. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्कमधून थिनर जात असेल.

१६ एप्रिल

एकशे साठ.

शिवाय आज पाणी पांढरं उतरलं नाही. काळंही नाही. गव्हाळ उतरलं. अशा रंगाचा थर या गाडीवर कुठेच नाही. मी फडकं पिळलं, बादली बदलली, दुसरा पेपर घेतला, पुन्हा तेच. बराच वेळ बघत बसलो. मग शेजारी ठेवलेल्या माझ्या हाताकडे लक्ष गेलं आणि पटकन बादली ओतून दिली.

तळहाताच्या रेषा गेल्यात. पुसट नाही, गेल्यात. आयुष्यरेषा, धनरेषा, सगळ्या. तशी धनरेषा कधी नव्हतीच म्हणा.

मालकीणबाई खूश आहेत. त्यांनी स्वतः सांगितलं, इतका चांगला माल आजवर आला नव्हता. मी ‘माणूस’ असं दुरुस्त करणार होतो, पण तोंड सांभाळलं.

१८ एप्रिल

दाढी करायला बसलो. दाढी नाहीच. भुवयाही नाहीत. हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण होती, ताईने ढकललं होतं तेव्हाची. ती नाही. बोटाने चाचपलं, पण बोटाला काही लागलंच नाही. बोटच गुळगुळीत, हनुवटीही गुळगुळीत.

केमिकल बाधलं असणार. डॉक्टरकडे जातो म्हणालो. मालकीणबाई म्हणाल्या, उजवा दरवाजा राहिलाय, तो करा आणि जा. उजवा दरवाजा केला. मग जायचं कुठे होतं, तेच संध्याकाळपर्यंत आठवेना.

१९ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

मीटर खाली पत्रा असेल तरच आकडा दाखवतं. लाकडावर, काचेवर, प्लास्टिकवर नुसत्या आडव्या रेघा. म्हणून आज सेल तपासायला आधी स्टुलावर ठेवलं, रेघा आल्या. मग पायावर ठेवलं, रेघा. मग मनगटावर ठेवलं.

आकडा आला.

पुन्हा ठेवलं. कोपरावर. गालावर. सगळीकडे आकडा. मनगटावर पंचवीस, गालावर चाळीस. नखाने मनगटावर टिचकी मारली आणि आवाज ऐकून माझी पाचावर धारण बसली. नख म्हणजे, नखाच्या जागी जे उरलंय ते.

गाडीवर दोनशे झालेत.

२० एप्रिल

ठोक्या आज निघून गेला, हत्यारं घेऊन, कायमचा. जाण्याआधी माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला, पण आत आला नाही. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो. म्हणाला, गड्या, तुला हाकलून लावावं म्हणून खर टाकली, तुला शिव्या घातल्या, आणि तू साला बादलीवर बूड टेकून बसलास! असले हट्टी घासणारेच तिला लागतात, म्हणे. या गाडीतून जे काही निघतं ते गाडीचं नसतंच. तिला सगळ्यात शेवटी ज्याचा हात लागला, त्याच्यातून निघतं. म्हणून बाई हात पाठीशी बांधून हिंडते. म्हणून त्याने स्वतः कधी त्या पत्र्याला बोट लावलं नाही.

मी विचारलं, आधीचे घासणारे कुठे गेले? त्याने रंगाच्या खोलीकडे मान वळवली. खोकलेकाका तिकडे खोकत होते.

इतके दिवस सांगितलं का नाहीस, असं ओरडलो. म्हणाला, मागच्याला सांगितलं होतं. तो हसला. तूही हसला असतास.

खरंय. हसलो असतो.

मी पण जाणार. आत्ताच. आधी ताईला कळवतो, ठकीला आणू नको म्हणून.

२० एप्रिल, नंतर

फोनला माझं बोट कळत नाही. अंगठा नाही, करंगळी नाही, नाकाचा शेंडाही नाही. काच नुसती काळी. आत ताईचा नंबर. तोंडपाठ कोण करतंय हल्ली!

धावत खोकलेकाकांकडे गेलो, म्हटलं तुम्ही दाबा. त्यांनी हातमोजे काढले.

वरची ट्यूबलाइट त्यांच्या हातात दिसत होती. सरळ, एकही लहर नसलेली. घासणाऱ्याने बघितलं असतं तर म्हणाला असता, वा, काय काम केलंय.

मग त्यांनी मास्कही खाली केला. नको होतं करायला.

२१ एप्रिल

निघालो होतो. फाटकापर्यंत गेलो होतो. मालकीणबाई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या, हात पाठीशी. म्हणाल्या, तुमच्या बहिणीचा फोन आला होता, तुम्ही उचलत नाही म्हणून काळजीत होत्या. मी सांगितलं, कामात आहेत, खोल्या तयार आहेत, आत्ताच आणा पोरीला. निघाल्यासुद्धा त्या. परवा पोचतील.

मी हात जोडले. पाया पडतो म्हटलं, ऑफिसच्या फोनवरून एकदा बोलू द्या. तर शांतपणे म्हणाल्या, दरवाज्याच्या हँडलमागची खोबण राहिलीय. तुमची बोटं तिथे जात नाहीत. लहान बोटं लागतात.

मी तिच्या अंगावर धावून गेलो. ती नुसती बाजूला झाली आणि माझा हात भिंतीवर आपटला. टण्ण वाजलं. मला लागलंही नाही. मेली हसत होती.

आता पळून तरी कसा जाऊ? त्या इथेच येणार आहेत. कुठल्या बसने, कुठल्या रस्त्याने, काहीच माहीत नाही. फाटकात उभं राहायचं, एवढंच हातात आहे.

२२ एप्रिल

आवाज जातोय. ‘ठकी’ म्हणून बघितलं, ‘ठ’ निघाला, पुढचं निघेना. ओठ एकमेकांना— वेगळे होत नाहीत. आज काही खाल्लं नाही. भूकही नाही.

एक गोष्ट सुचलीय. मला बघून पोरगी घाबरली पाहिजे. किंचाळून, रडून, आत्याचा हात ओढत पळाली पाहिजे. जिला इथे आणायला एवढा आटापिटा केला तिलाच आता— असू दे. भावोजी, वसतिगृहात घाला, कुठेही घाला. तोंडावर काही बांधणार नाही. उघड्या चेहऱ्याने फाटकात उभा राहीन.

ही वहीही जवळ ठेवीन. ताईला वाचायला देईन.

पेन्सिल निसटतेय. दोन्ही तळहातांत दाबून धरलीय.

२३ एप्रिल

आल्या.

ताई दमलेली. हातात बॅगा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मलाच विचारलं, माझा भाऊ कुठे काम करतो हो?— मलाच. वेल्डिंगचा मुखवटा वाटला असेल तिला—

वही पुढे केली. उघडून. तेवढ्यात ती बया आली. म्हणाली, आमचा घासणारा आहे, मुका, डोक्यानेही थोडा— ताईने माझ्या खांद्यावर थोपटलं. नंतर बघते हं दादा, म्हणाली. मला दादा म्हणाली. धाकट्या भावाला—

ठकी घाबरली नाही.

जवळ आली. टाचा उंच करून माझ्या चेहऱ्यात पाहिलं. अगदी जवळून. मी वाकलो, वाटलं, ओळखलं, ओळखलं पोरीने— तिने केसांची क्लिप नीट केली. आपलेच दात बघितले. आत्या, किती छान दिसतं गं यात, म्हणाली.

मग आत पळाली. शेडमध्ये. काळी गाडी बघून वा वा म्हणत बॉनेटवर दोन्ही पंजे ठेवले, गाल टेकला, थंड आहे म्हणाली. मी धावलो— पण बयेने आधीच त्यांना मागे नेलं, खोल्या दाखवायला. हातपाय धुवा, चहा घ्या, मग पोरीला एक गंमत शिकवते—

बादली भरल्याचा आवाज येतोय.

वेळ नाही. ठोक्याच्या फळीवरून पेपर उचललाय. ऐंशी नंबर. लाकूड खरवडायचा. गाडीच संपवतो. एक थर ठेवत नाही, पत्र्यापर्यंत जातो. जे निघेल ते माझ्यातून निघेल, निघू दे. माझं आता राहिलंय काय? वही बॉनेटच्या कडेला ठेवलीय. ताई, शेवटचं कळलं पाहिजे तुला, म्हणून—

पहिला ओढला. पार आडवा. जन्मात असं काम केलं नव्हतं.

मला काही झालं नाही.

दुसरा. जोर लावून. अंगावर रेघही नाही.

का नाही? ऐंशी नंबर आहे, मला सोलून निघायला हवं होतं—

तिसरा—

मागून किंचाळतंय कुणीतरी. ठकी. बाबा बाबा म्हणून— ताई ओरडतेय, अगं काय झालं, हे रक्त कसलं—

गाडीला सगळ्यात शेवटी हात लावला तो— मी नाही. माझा हात आता हातच कुठे, फोनलाही कळत नाही. मघाशी. दोन्ही पंजे. आणि गाल, ठकीने गाल टेकला हो—